नव्या जिल्ह्यातले आठशे मीटर

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार

आजपासून आमचा जिल्हा लातूर. उस्मानाबाद सुटले. शाळेत पेढे वाटले. हेडमास्तर शेषेराव सरांनी भाषण केले. तिसऱ्या वाक्यात पावसावर गेले ते तिथेच राहिले. पाऊस नाही हे पोरांनाही माहीत आहे. मी मात्र पुढचा विचार करून राहिलो होतो. नवा जिल्हा म्हणजे नव्या जिल्हा क्रीडास्पर्धा. डिसेंबरात, लातूरला. नव्या जिल्ह्यात अजून कुणाच्याच नावावर रेकॉर्ड नाही. जो पहिला पळेल त्याचे रेकॉर्ड. ते अहमदपूरचे झाले पाहिजे, आणि अहमदपुरात खेळ समजणारा माणूस एकच. रेवणप्पा हलगे, क्रीडाशिक्षक.

नांदेडला कॉलेजात असताना मी आठशे मीटरमध्ये चौथा आलो होतो. पहिले तिघे परगावचे. म्हणजे तसा पहिलाच.

ठरले. सशक्त विद्यार्थी योजना. ३४० पोरं-पोरी, रोज सकाळी साडेसहाला ड्रिल.

बायकोला, शिवकांताला, सांगितले. ती म्हणाली, "अहो, पोरं तवा पाण्याच्या लाइनीत असत्यात." मी म्हणालो, लाइनीत उभे राहणे हा व्यायाम नव्हे. ती घागर उचलून बाहेर गेली. पटले असावे.

२३ ऑगस्ट

ड्रिलचा पहिला दिवस. हजर ११. त्यातले चौघे घागरी घेऊन शाळेच्या हापशावर आले होते, शिट्टी ऐकून घाबरून रांगेत उभे राहिले. हजेरी ती हजेरी.

मी पिंपळाखाली खुर्ची टाकून बसलो. तिथून सगळ्या रांगा दिसतात.

४ सप्टेंबर

पावसाने दडी मारली ती मारलीच. एका दृष्टीने बरे. चिखल नाही, ड्रिल एक दिवसही बुडाले नाही. हे शेषेराव सरांना बोलून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नीट बघितले. माझ्या निष्ठेचा परिणाम झालेला दिसतो.

हजेरी ९.

११ सप्टेंबर, शनिवार

सापडली!

नववीतली धुरपता. तीन किलोमीटरवरच्या वाडीहून येते. उंच, काटकुळी. आज तिला सहज आठशे मीटर पळवले. अनवाणी, खडकाळ मैदान, परकर खोचून. दोन मिनिटं एकावन्न सेकंद! स्टॉपवॉच दोनदा झटकून बघितले.

तीन आठवड्यांच्या ड्रिलचा हा परिणाम, असे सगळ्यांसमोर म्हणालो. तर ती म्हणते, "सर, मी आजच आले की ड्रिलला." हरकत नाही. चांगली योजना लांबूनही काम करते.

कशी काय पळतेस विचारले. म्हणाली, सकाळी दोन खेपा पाणी आणते, डोक्यावर एक, कमरेवर एक. मग उशीर होतो. म्हणून शाळेपर्यंत पळत येते. रोज.

डोक्यावर भार म्हणजे मानेचा, पाठीचा सत्यानाश. पोश्चर बिघडते. हे आधी बंद केले पाहिजे.

१९ सप्टेंबर, रविवार

धुरपताच्या घरी जाऊन आलो. जाताना-येताना बैलगाडी मिळाली. बाप नाही. आई नीलाबाई, रोजगार हमीवर खडी फोडते. मी आहाराची यादी करून नेली होती. दूध, अंडी, मोड आलेले मूग, भिजवलेले बदाम. वाचून दाखवली. बाईने डोक्यावरचा पदर सारखा करत सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, मूग भिजवायला पाणी कुठलं आणायचं?"

अज्ञान. दुसरा शब्द नाही.

पाण्याच्या खेपा बंद करा म्हणालो. म्हणाली, "मंग खडी कोन फोडंल आन् पानी कोन आनंल?" शेवटी सांगितले, पोरगी जिल्ह्यात पहिली आली तर सरकार तिला खेळाच्या होस्टेलात घेते. नळाचे पाणी, दोन वक्त जेवण. (असे कुठेतरी वाचले होते.) बाईने पोरीकडे बघितले. म्हणाली, दिवाळीनंतर टोळीबरोबर नांदेडकडं कामाला जायचं ठरलंय, पोरीला पण घेऊन. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर पळण्यापत्तुर थांबते."

धुरपता दारात उभी होती. हसली. त्या पोरीला हसताना पहिल्यांदाच बघितले.

ऊन फार होते. त्यांनी तांब्याने पाणी दिले. दोन तांबे प्यालो, तिसऱ्याने तोंड धुतले. पाणी गढूळ. स्वच्छतेची सवय नाही या लोकांना.

२८ सप्टेंबर

धुरपता रोज साडेसहाला हजर. पण टाइम वाढून राहिला. आज तीन मिनिटं नऊ सेकंद. विचारले तर म्हणे, ड्रिलला वेळेवर यायचे म्हणून आता पहाटेच विहिरीवर जाते. मी खेपा बंद करायला सांगितल्या होत्या. सांगितलेले ऐकायचे नाही आणि मग धाप लागते म्हणायचे.

स्टॅमिना कमी आहे. रोज चार राउंड जास्त.

६ ऑक्टोबर

मोठी बातमी. लातूरहून एक साहेब शाळा बघायला येणार, १४ तारखेला. मी शेषेराव सरांना म्हणालो, सामूहिक कवायत करून दाखवू, पूर्ण शाळा. ते म्हणाले, "हलगे सर, ऑक्टोबरचं ऊन हाय. वर्गात एखादं गीत म्हणू देत पोरान्ला." गीत! नवा जिल्हा गीताने उभा राहणार? मी दिवसभर मागे लागलो. शेवटी त्रासून हो म्हणाले. त्रासून दिलेली परवानगीही परवानगीच.

१४ ऑक्टोबर, गुरुवार, सायंकाळी

सविस्तर लिहिले पाहिजे, कारण उद्या लोक वेगवेगळे बोलतील.

मैदानात धूळ फार होती. चुन्याच्या रेषा टिकत नव्हत्या, वाऱ्याने उडत होत्या. साहेब येणार आणि मैदानात धुरळा, हे दिसायला बरे नव्हते. शाळेत दोन पिंपं पाणी होते. सकाळी मी शिपाई व्यंकटीला ते मैदानावर शिंपडायला सांगितले. तो म्हणाला, "सर, हे पोरायचं प्यायचं पानी हाय." मी म्हणालो, साहेब दहाला येणार, साडेदहाला सगळे मोकळे, मग टँकर येईल. शिंपडल्यावर रेषा अशा उमटल्या की बघत राहावे.

दहाला पोरं रांगेत उभी केली. हात खाली, मान ताठ.

साहेब आले एक वाजता.

मधले तीन तास मी कुणालाही हलू दिले नाही. शिस्त म्हणजे शिस्त. साडेअकराला सहावीचा एक मुलगा खाली बसला, त्याला उठवले. बाराला तो आडवाच झाला. मग आठवीच्या दोन मुली. मग पटापट. पाणी आणा, पाणी आणा. पाणी कुठे होते? हापसा महिन्यापूर्वीच आटला होता, टँकर आला नव्हता. पाणी मैदानात होते. तेही वाळले होते.

शेषेराव सर रांगेत शिरून पोरांना सावलीत ओढत होते. माझ्याकडे बघून ओरडले, "शिट्टी वाजवा की हो हलगे, सुट्टी करा!" मी वाजवली. ती ऐकून पोरं सवयीने सावधान झाली. शिट्टीचा अर्थ आम्ही तोच शिकवला होता.

धुरपता मात्र रांग सोडून पळाली. व्यंकटीच्या घरची घागर उचलून मळ्यातल्या विहिरीकडे. विहीर एक किलोमीटर. गेली आणि भरली घागर घेऊन पळत आली. परत गेली. परत आली. तीन खेपा. ओंजळीने पोरांच्या तोंडात पाणी घालत होती, स्वतः प्याली नाही. कुणी तिला सांगितले नव्हते.

घड्याळ सुरू करायचे माझ्याकडून राहून गेले. फार मोठे नुकसान.

साहेबांनी जीपमधून उतरून पाच मिनिटं बघितले आणि विचारले, "इथं काय चालू आहे?" शेषेराव सर म्हणाले, "काही न्हाई साहेब, आमची चूक झाली."

एकंदर सातजण पडले. ३४० पैकी सात. म्हणजे दोन टक्के. अठ्ठ्याण्णव टक्के विद्यार्थी सशक्त निघाले, हे कुणी बोलत नाही.

१५ ऑक्टोबर

पालक आले होते. मी स्टोअरमध्ये लेझमी मोजत होतो, त्यामुळे भेट झाली नाही. ड्रिल बंद. आदेश लेखी आहे.

सहावीचा तो मुलगा सरकारी दवाखान्यात आहे. सलाइन लावले. धोका नाही म्हणतात. भेटायला जायचे होते, पण माझ्या जाण्याचा वेगळा अर्थ काढतील.

शिवकांता कालपासून बोलत नाही. आज एवढेच म्हणाली, "त्या सातांत आपलं एक असतं तर?" आम्हाला मूल नाही. असे बोलायला नको होते तिने.

२ नोव्हेंबर

योजना आता एका पोरीवर आली. तसे हेच शास्त्रीय आहे. धुरपता शाळा सुटल्यावर एकटीच पळते. मी गेटपाशी उभा राहून बघतो, कारण मैदानात जायची मला मनाई आहे. टाइम दोन त्रेपन्न.

राउंड कमी केल्यापासून टाइम सुधारला. योगायोग.

आज तिने विचारले, "सर, होस्टेलात नळ खोलीत असतो का भाईर?" मी म्हणालो, खोलीत. ती म्हणाली, "आईला पण राहता येतंय का?" मी म्हणालो, आधी पहिली ये.

८ नोव्हेंबर

प्रवेशिका भरून पाठवली. रजिस्टर्ड. मुदतीच्या आधी चांगले पंधरा दिवस. क्लार्कवर सोडले नाही. पाकिटावर पत्ता स्वतः घातला, अकरा वर्षांपासून पाठ आहे.

११ डिसेंबर, शनिवार, लातूर

एस.टी.ने साडेनऊला पोचलो. मैदान मोठे, मांडव, लाउडस्पीकर. धुरपताने नवी रिबन लावली होती. एस.टी.त पूर्ण वेळ उभी राहिली, बसली तर पाय आखडतील म्हणून. हे मी शिकवले नव्हते.

टेबलावर यादी बघितली. तिचे नाव नाही. शाळेचेच नाव नाही. टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. दोन फायली शोधल्या. मग म्हणाले, "सर, प्रवेशिका कुठल्या पत्त्यावर पाठवली होती?" मी पत्ता सांगितला. ते म्हणाले, "तो उस्मानाबादचा आहे ना."

जिल्हा बदलला की पत्ता बदलतो हे मला कुणी लेखी कळवले नव्हते.

मी बोललो, विनंती केली, आवाजही चढवला. नियमापुढे इलाज नाही म्हणाले. धुरपता माझ्या मागेच उभी होती. ती पुढे होऊन त्यांना म्हणाली, "साहेब, मी नुसतीच पळू का? सगळ्यात मागून. मोजू नगा." गृहस्थांनी मान खाली घातली. "बाळ, तसं करता येत न्हाई."

दोरीबाहेर उभे राहून शर्यत बघितली. पहिली आलेली मुलगी उदगीरची. दोन अठ्ठावन्न.

दोन अठ्ठावन्न! आमचे दोन एकावन्न आहे. म्हणजे तत्त्वतः जिल्ह्याचे पहिले रेकॉर्ड अहमदपूरचेच.

हे धुरपताला सांगितले. तिने रिबन सोडली आणि मुठीत धरली.

परतीच्या एस.टी.त ती बसून होती. चाकूर गेल्यावर विचारले, "सर, कागद कुठं गेला आपला?" मी म्हणालो, टपालाचा घोळ झाला. लेकराला कचेरीच्या गोष्टी कशाला सांगायच्या. पण ती टेबलापाशी माझ्या मागेच उभी होती. ऐकलेच असेल. 

२० डिसेंबर

धुरपता आठ दिवसांपासून शाळेत नाही. विश्रांती घेत असावी. मोठ्या स्पर्धेनंतर घ्यावीच लागते.

३ जानेवारी १९८३

पुढच्या वर्षाची योजना तयार. आठशे आणि पंधराशे, दोन्ही. पत्ता लातूरचा लिहून भिंतीवर लावला. वर्गशिक्षकांनी सांगितले की हजेरीपटावरून धुरपताचे नाव कमी करावे लागेल. मी म्हणालो, थांबा, मी घरी जाऊन घेऊन येतो. माझा शब्द ती मोडणार नाही.

९ जानेवारी, रविवार

वाडीवर गेलो. बैलगाडी मिळाली नाही. बैल बाजारात गेले म्हणाले, बहुतेकांचे. चालत गेलो. तीन किलोमीटर. दोनदा बसावे लागले.

घराला कुलूप. शेजारी म्हातारी धोंडाबाई तुरी निवडत होती. म्हणाली, मायलेकी टोळीबरोबर गेल्या. लातूरहून पोरगी आली, त्याच्या चौथ्या दिवशी. नांदेडच्या पलीकडं कुठंतरी, वीटभट्टीवर. गावाचे नाव तिला माहीत नाही.

परत कधी येणार विचारले. "पानी आल्यावर."

मग म्हातारीने विचारले, "तुमी कोन?" मी म्हणालो, तिचा मास्तर. ती माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "पळायचं शिकवनारा का? बोलायची पोरगी तुमच्याबद्दल. म्हनायची, मास्तरला पळता येत न्हाई, पर लई जीव लावून शिट्टी वाजिवतो."

मी म्हणालो, कॉलेजात मी आठशे मीटरमध्ये चौथा होतो. म्हातारी म्हणाली, "आसंल बाबा," आणि तुरी निवडू लागली.

धुरपता माझ्यावर रागावून गेली का, असे विचारायचे होते. विचारले नाही. म्हातारीने खरे सांगितले असते.

परत येताना रस्ता मोकळा होता. पुढे-मागे कुणी नाही. विजेच्या एका खांबापाशी चपला काढून हातात घेतल्या आणि पळून बघितले. दोन खांबांत अंतर पन्नास मीटर धरले तर आठशेला सोळा खांब लागतात.

दुसऱ्या खांबाला थांबलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसलो. घसा कोरडा पडला होता आणि आजूबाजूला कुठे पाणी नव्हते.