ढाल आली, पोर गेली

प्रिय आबा सर,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. संध्याकाळी कोर्टाच्या कठड्यावर शेंगांची पुडी घेऊन बसलेले सापडायचात, जे काय असेल ते तिथंच सांगून मी मोकळी व्हायचे. आता सांगावं असं माणूस कॉलेजात उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

काल आपण विद्यापीठाची बास्केटबॉल स्पर्धा जिंकलो, सर. मुलींची. परभणीचं आपलं कॉलेज, पहिल्यांदा! संस्थेच्या सचिव साहेबांनी ढाल तुमच्या फोटोखाली ठेवली, फोटोला हार घातला आणि म्हणाले, "आबा सरांची इच्छा पूर्ण झाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि आज सकाळी शीतल कॉलेज सोडून गेली. ताडकळसची शीतल, तुम्ही शेवटी शेवटी आणलेली.

तुमची आणायची रीत आठवली की या अवस्थेतही हसू येतं. तुम्ही पोरी हेरायचाच नाहीत, आया हेरायचात. ताडकळसच्या बाजारात पिशवी घेऊन हिंडायचं, भाजी कमी घ्यायची आणि उंच बाई दिसली की तिच्या मागं मागं जायचं. एकदा एका बाईच्या नवऱ्यानं तुम्हाला गचांडी धरून विचारलं होतं, तेव्हा मीच मध्ये पडून "हे आमचे सर हायेत, खेळाचे" असं सांगितलं होतं. मलाही पिंगळीहून तुम्ही असंच आणलंत, माझ्या आईची उंची बघून!

शीतलच्या आईनं तर सरळ हात जोडले होते. "सर, उगं नादी लावू नका पोरीला. दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जायलोत. घराला कुलूप असतंय. हिला कुठं ठिवू?"

तुम्ही म्हणालात, "आमच्या वसतिगृहात ठेवा. मी शब्द देतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्या बी देतेत का शब्द?"

मी दिला.

पहिलं वर्षभर तुम्ही तिला सामन्यात उतरवलंच नाहीत. भिंतीवर चेंडू मारायचा, झेलायचा, पुन्हा मारायचा. पोरगी रडकुंडीला यायची. "आधी हात तयार होऊ दे, मग बास्केट," एवढंच तुमचं. तुम्ही गेलात त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिनं धावत येऊन डाव्या हातानं चेंडू जाळीत टाकला, आणि सवयीनं कठड्याकडं बघितलं. तुम्ही असायला हवे होतात हो.

संघ आता माझ्याकडं, म्हणून उन्हाळ्यात सचिव साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, आबा सरांना श्रद्धांजली म्हणून या वर्षी ढाल आणायचीच, बाहेरच्या तयार खेळाडूंना प्रवेश देऊ. मी म्हटलं, दोन आणा, तीन आपल्या ठेवू. नव्यांचं बघून आपल्याही शिकतील. मला ते पटलं होतं, सर. तुम्हीही एवढ्याला मान हलवली असती असं वाटतं. ते बरं म्हणाले, आणि जुलैत पाच जणी आल्या. पाचच जणी खेळतात कोर्टावर, हे त्यांना मी काय सांगणार?

त्या पोरींवर राग धरू म्हटलं तर धरवत नाही. गुणी आहेत. एक तर पाय सुजलेला असताना अंतिम सामना खेळली. पुढच्या वर्षी जे कॉलेज चांगलं देईल तिथं जातील, त्यांनाही घर आहे. पण त्यांना मी काय शिकवलं? काहीच नाही. त्या शिकून आल्या होत्या. शीतल बाकावर बसून त्यांच्या बाटल्या भरत होती.

राग तुमच्यावर आहे, आबा सर. आज बोलून टाकते.

माझ्या वेळचा अंतिम सामना आठवतो? शेवटची मिनिटं, एका गुणानं आपण पुढं. माझा हात त्या दिवशी असा बसला होता की टाकीन ते जाळीत. आणि तुम्ही मला बाहेर बोलावून बाकावरच्या सुमनला उतरवलंत! का, तर तिची आई पहिल्यांदाच गावाहून बघायला आली होती. हरलो. परतताना गाडीत तुम्ही आम्हाला शेंगा वाटत होतात आणि मी घेतल्या नाहीत.

तेव्हा जिंकला असतात तर? एकदा, फक्त एकदा? दरवर्षी तुम्ही पोरी घडवल्यात, मोठ्या कॉलेजांनी त्या पळवल्या, आणि तुम्ही म्हणायचात, "नेऊ द्या की, पोर खेळतीय ना." तुम्ही गेल्यावर बैठकीत सचिव साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? "माणूस देवासारखा होता, पण एक ढाल नाही दिली." भिंतीवर एक ढाल टांगलेली असती ना, तर मी भांडले असते.

गेल्या आठवड्यात वसतिगृहातली शीतलची जागा काढून घेतली. संघातल्या मुलींच्या औषधांचा डबा, बर्फ, सरावाचं सामान ठेवायला खोली लागते म्हणे. मी साहेबांकडं दोनदा गेले. "संघात खेळत नाही तिला संघाची जागा कशी द्यायची, मॅडम?" नियमानं ते बरोबरच होतं. माझ्या दोन खोल्यांत ठेवते म्हटलं, तर शीतलच्या वडिलांनी मान डोलावली नाही. कुणाच्या घरी लेक ठेवणं त्यांना जमेना.

आज आईवडील दोघं आले. ऊसतोडीची गाडी परवा निघणार आहे. आई माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती उलट समजूत काढत होती.

"म्याडम, तुमी वाईट वाटून घिऊ नका. तुमी लय केलं. पोरगी कशी दणकट झालीय बघा. लगेच स्थळ आलं. पोराचा जोडीदार न्हवता, एकट्याला, अर्ध्या कोयत्याला, टोळीचा मुकादम घेईना. उद्या लगीन लावलं की जोडी झाली, मंजी पूर्ण कोयता."

नवराबायको मिळून एक कोयता; नवरा ऊस तोडणार, ही मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. सर, ते खांदे आपण तयार केले. भिंतीवर चेंडू मारून मारून. कुणासाठी केले?

शीतलनं बूट संघाचे म्हणून काढून ठेवले, नीट जोडून, आणि चपला घालून गेली. मी "थांब" सुद्धा म्हणू शकले नाही. थांबली तरी राहणार कुठं होती ती?

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुढच्या बाजाराला चल, दुसरी बघू. माझ्यानं नाही होणार. मोठी वचनं द्यायची माझी ऐपत राहिली नाही. एकच देते. ऊस सुरू झाला की कारखान्याचा पत्ता काढून मी फडावर जाईन. तिला परत आणायला नाही, आणून ठेवू कुठं? तिच्या आईनं ज्या तोंडाकडं बघून शब्द मागितला होता, ते तोंड घेऊन शीतलसमोर उभी राहीन. ती मोळी घेऊन बाजूनं निघून गेली तरी जागची हलणार नाही.

तुमची,
सुनंदा, पिंगळीची