पिशवी फुगत नाही

४ जून
लागली एकदाची नोकरी! आजपासून मी रुग्णवाहिकेवर मदतनीस. गाडी जुनी, पण आतला संसार नीट मांडलेला: स्ट्रेचर, सिलिंडर, खुंट्यांना टांगलेले मास्क. मास्कखाली प्लास्टिकची पिशवी असते. सिलिंडरची चावी उघडून ती ऑक्सिजनने फुगवायची, मगच मास्क तोंडावर, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. वरिष्ठांना सगळे काका म्हणतात. गोडबोल्या माणूस! म्हणाले, पुस्तक घरी ठेव पोरी, माझं बघून शिक. आईला दमा, तरी बातमी ऐकून खोकत खोकत हसली. म्हणाली, चला, वैद्य घरचाच झाला.

९ जून
आमच्या गाडीतला सिलिंडर कधी संपत नाही, म्हणून साहेबांनी सगळ्यांदेखत काकांची पाठ थोपटली. आज त्यातलं इंगित कळलं. पेशंट वाचणार नाही असं काकांनी ठरवलं, की ते मास्क लावतात आणि चावी बंदच ठेवतात. भरलेला सिलिंडर वेळेवर मिळत नाही, मग जाणाऱ्यावर कशाला घालवायचा? मास्क दिसला की घरचेही गप्प बसतात म्हणे. मी बोलले तर मलाच झापलं. चोर तो चोर, वर शिरजोर! संतापून आईला सगळं सांगितलं. ती जेवली नाही.

१३ जून
आज एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. मास्क लावलेला, पिशवी चपटी. त्या माझ्याकडे नाही, चावीकडे बघत होत्या. नवरा पायाशी बसून सांगत होता, मोठा श्वास घे गं. काकांनी मला डोळ्यांनीच दटावलं. माझा हात चावीपर्यंत गेला आणि मागे आला. नोकरीची भीती वाटली मला. थू माझ्या जिण्यावर! दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत बाई गेल्या.

१४ जून
गाडी पुसताना त्या बाईंना लावलेला मास्क दिसला. आतून वाफ धरलेली. पुसला, पुन्हा धरली. काका म्हणाले, हवा दमट आहे. मग बाकीचे मास्क कोरडे कसे?

१७ जून
नळीसुद्धा जोडलेली नाही, तरी त्या मास्कची पिशवी हलते. आत, बाहेर. सकाळी भरलेला सिलिंडर दुपारी रिकामा. काकांनी चावी तपासली, बंदच होती.

१८ जून
काका गेले. गाडीतच गुदमरले. ड्रायव्हर सांगत होता, त्याने स्वतः काकांना मास्क लावला, चावी पूर्ण उघडली. पिशवी फुगलीच नाही.

१९ जून
बाईंचा तो मास्क कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. घरी आले तर आईच्या उशाशी, खिळ्याला — अख्खा. ओला.

२० जून
आईला सकाळपासून धाप. गाडी बोलावलीय, अजून पत्ता नाही. घरी भरलेला सिलिंडर आणून ठेवला होता. नवा मास्क लावला. चावी उघडली. सूं सूं आवाज येतोय — पिशवी चपटीच. खिळ्यावरची मात्र फुगतेय —

बाई, चूक माझी. माझा श्वास घ्या ना. तिचा कशाला —

आई चावीकडे बघतेय. मीच सांगितलं होतं तिला सगळं. तिला वाटतंय —

बोलता येत नाही तिला. वही ओढून घेतली. हे तिचं अक्षर:

मी वाचणार नाही असं ठरवलंस का गं

नाही गं आई! उघडी आहे, हात लावून बघ, पूर्ण उघ—