वरून आलेलं कॉफीचं आमंत्रण

१२ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचा फोर्ट वेनला. दुपारीच ट्रक रिकामा केला आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या टेबलाशी पाय पसरून हे लिहितोय. शिकागोच्या कडेला जेवढ्या भाड्यात दोन खोल्या आणि शेजाऱ्यांची भांडणं मिळायची, तेवढ्यात इथे अख्खं घर मिळालं. पुढे व्हरांडा, मागे मेपलचं झाड, खाली कोरडं तळघर. घरमालक रिक झेअर हात मिळवताना भलतीकडे बघतो. असल्या माणसाकडून मी जन्मात जुनी गाडी घेतली नसती. घर मात्र घेतलं.

वरचा मजला बंद आहे म्हणाला. एका हिवाळ्यात नळ फुटले, दुरुस्ती राहून गेली, तिकडे जायचं कारण नाही. जिन्याचं दार स्वयंपाकघरातच आहे, अलीकडून कडी. टेबलाच्या बरोबर वर छतात जुन्या पद्धतीची लोखंडी जाळी आहे, खालची ऊब वर जावी म्हणून. मी म्हटलं, वर कोणी नाही तर ऊब कशाला पाठवायची? तो हसला, पण उशिरा हसला.

माझी मुलगी जनेल या महिन्याअखेरपर्यंत तिकडची नोकरी सोडेल आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी इथे येईल. घटस्फोट झालाय, इथल्या इस्पितळात तिला काम मिळालंय. घर मी तिच्यासाठीच घेतलंय, हे तिला सांगितलेलं नाही. कळलं तर पोरगी यायची नाही. तिला सांगितलंय, म्हाताऱ्याला एकट्याला तळघराची भीती वाटते.

१५ ऑक्टोबर

शेजारच्या आर्लीन फुरमन आल्या. सत्तरीच्या असाव्यात, सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला. हातात ट्यूना मासा घालून भाजलेल्या नूडल्सचं पातेलं, बुडाला चिकटपट्टीवर त्यांचं नाव. आत या म्हटलं, तर नको, तुम्ही कामात असाल. पुन्हा म्हटलं, नको, माझे बूट ओले आहेत. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा बूट दारात काढून तासभर बसल्या. जीव निवला. इथली माणसं अजून रीत पाळतात म्हणायची. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही आणि दुसऱ्याला तर मुळीच नाही. ती दोन नाही फक्त शिष्टाचाराची असतात. खरं उत्तर तिसरं. आणि एकदा कोणाकडे खाल्लं-प्यायलं की त्याला आपल्याकडे बोलावल्याशिवाय चैन पडत नाही.

माझी बायको बेव्ह या बाबतीत माझ्यावर कायम चिडायची. मला कोणी विचारलं की मी घरातल्या सगळ्यांच्या वतीने हो म्हणून मोकळा. रविवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने रांधून आणायच्या जेवणाला, पत्ते खेळायला, कुणाच्याही बारशाला. ती म्हणायची, "लोवेल, तुझ्या एका तोंडाने आम्हाला सगळ्यांना जेवायला जावं लागतं." गेली बिचारी. आता माझं तोंड माझ्यापुरतं.

१९ ऑक्टोबर

वर कोणीतरी राहतं.

मी जन्मभर सायलेन्सर दुरुस्त केले. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत सांगायचो, भोक कुठे आहे. माझ्या कानांनी मला दुकान दिलं, दोन गाळे दिले, पोरीचं कॉलेज दिलं. तेव्हा हे कान खोटं सांगणार नाहीत. सकाळी नाश्त्याच्या वेळी वर मऊ चपला चालतात, डावा पाय जरासा ओढत. मग जुन्या पद्धतीच्या किटलीत कॉफी उकळते, तिचं ते बुडबुड. मग चमचा.

म्हणजे झेअरसाहेबांनी वर गुपचूप एक म्हातारी ठेवली आहे. कर वाचवत असेल. मला त्याचं काय? उलट बरं वाटलं. घरात माणसाचा आवाज असावा.

२३ ऑक्टोबर

आज गंमत केली. कॉफी गाळताना जाळीकडे तोंड करून म्हटलं, बाई, माझीही तयार आहे, खाली या ना. चपला थांबल्या. जाळीच्या अगदी जवळून, दमलेल्या पण गोड आवाजात उत्तर आलं की नको, तुम्हाला उगाच त्रास.

खानदानी बाई. पहिल्याला नाहीच म्हणायचं असतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

रेडिओवर फुटबॉलची मॅच लावली होती. वरचीही ऐकत असावी, कारण आपला संघ मागे पडला तेव्हा दोघांनी एकदमच चक् केलं. मध्यंतरात पुन्हा म्हटलं, भोपळ्याचा केक आणलाय, अर्धा तुमचा. म्हणाली, तुम्ही फार चांगले आहात, पण मी कोणाच्या घरी जात-येत नाही. बरेच दिवस झाले.

आता तिसऱ्यांदा विचारलं नाही तर मीच असंस्कृत ठरेन.

३० ऑक्टोबर

विचारलं. दुपारी, उन्हात. दोन कप मांडले, केकचा तुकडा ठेवला, जिन्याच्या दाराची कडी काढून ठेवली आणि जाळीकडे बघून म्हटलं, आता या बघू, नाही म्हणू नका.

 मग म्हणाली, "आता तुम्ही एवढं म्हणताय, आणि खरंच त्रास नसेल, तर येते."

चपला जिना उतरल्या. डावा पाय ओढत, प्रत्येक पायरीवर. दाराशी थांबल्या. मी उठून दार उघडलं. जिना रिकामा. वरपर्यंत धूळ, आणि धुळीवर काही नाही, उंदराचं पाऊलसुद्धा नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. वळलो तर दुसरा कप सिंकपाशी होता. धुतलेला, पालथा. केकची बशीही. समोरच्या खुर्चीवर हात ठेवला. गार नव्हती.

हसून बघितलं. हसू आलं नाही.

१ नोव्हेंबर

झेअरला बोलावलं. वर कोण आहे विचारलं तेव्हा तो म्हणाला, कोणीही नाही, हवं तर बघून या. स्वतः मात्र खालच्या पायरीवरही पाय ठेवला नाही. किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला.

मी गेलो. एक लांब खोली. पलंग नाही, खुर्ची नाही, चूल नाही, किटली नाही. जाळीच्या भोवतीची फरशी मात्र घासून पांढरी झालेली, जणू तिथे कोणी रोज गुडघे टेकून, कान लावून बसतं.

आणि जिन्याच्या वरच्या टोकाशी, भिंतीकडे टोकं करून, बूट. कामगाराचे जाड बूट. नर्सचे पांढरे. एक बर्फातला रबरी जोड. पाहुणे आत जाताना दारात नीट काढून ठेवतात तसे. न्यायला कोणी आलेलं नाही.

खाली येऊन झेअरला विचारलं. म्हणाला, आधीच्या भाडेकरूंचा पसारा असेल. माझ्याकडे न बघता म्हणाला.

२ नोव्हेंबर

आर्लीनबाईंचं पातेलं परत द्यायला गेलो. रिकामं द्यायचं नसतं म्हणून त्यात सफरचंदं. बोलता बोलता सगळं सांगितलं, हसतहसत, म्हातारपणाची भुतं म्हणून. त्या हसल्या नाहीत. भांडं फडक्याने पुसत राहिल्या, कोरडं होतं तरी.

"किती वेळा विचारलंत तिला?"

तीनदा म्हटलं.

"आणि आली?"

आली म्हटलं.

"मग झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्हाला आधीच सांगावं. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी असलं काय सांगायचं? वाईट दिसतं."

मग तुटक तुटक सांगत गेल्या. ती बाई कोण, कुठली, कोणालाच माहीत नाही. पण कोणाचं देणं ठेवत नाही. ज्या घराने तिला बोलावलं, त्या घरातल्यांना ती वर बोलावते. आधी इथे राहणारी ती नर्स घाबरून बहिणीकडे गेली होती, दूर टोलीडोला. एके सकाळी बहिणीने ऐकलं, ही स्वयंपाकघरात एकटीच कोणाला तरी म्हणत होती, खरंच त्रास नसेल तर येते. गाडी घेऊन इकडे निघाली. बूट तुम्ही पाहिलेच.

मी म्हटलं, नाही म्हणायचं. तिसऱ्यांदाही नाही.

"जमेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "मला जमलं नसतं. तोंडच वळत नाही हो तसं."

निघताना दारात एवढंच म्हणाल्या की सोबत मिळाली की ती बरीच वर्षं शांत असते. तेव्हा हे घर चांगलं असतं.

५ नोव्हेंबर

सकाळी जाळीतून वास आला. कॉफी आणि दालचिनी. मग आवाज. त्या दिवशी मी तुमच्याकडे आले, आज तुम्ही या.

मी म्हटलं, नको, तुम्हाला उगाच त्रास.

म्हटलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. साठ वर्षांची सवय. मुकाट्याने बसायचं होतं, तर मी तिचेच शब्द तिला परत दिले. ती वरून समाधानाने हं म्हणाली.

९ नोव्हेंबर

जनेलला फोन. म्हटलं, जरा थांब, घरात काम निघालंय.  ती म्हणाली, "बाबा, खोली सोडली मी. सामान गाडीत आहे. तुला मी नको असेन तर तसं सांग ना."

काय सांगणार? ये म्हटलं.

जाळीवर लाकडी फळी ठोकली. सकाळी फळी टेबलावर. खिळे बशीत, नीट रचून.

११ नोव्हेंबर

तिने दुसऱ्यांदा विचारलं. ओठ घट्ट मिटून बसलो होतो. तरी ऐकलं मी स्वतःला — नको, माझे बूट ओले आहेत.

बूट कोरडे होते.

१४ नोव्हेंबर

जनेल आली. बर्फ पडायला लागलाय. दारात बूट काढून आत आली, माझ्या गळ्यात पडली, म्हणाली घर किती ऊबदार आहे. घर बघत फिरली. बेव्हसारखी चालते, तळवे टाकत. किती दिवसांनी हसली पोरगी.

उद्या इथून निघायचं. कुठेही. मोटेलात. कारण नंतर सांगेन.

वर एकदम शांत. चमचासुद्धा नाही. ऐकतेय.

१५ नोव्हेंबर

नाश्त्याला जनेल म्हणाली, "बाबा, वरच्या काकू किती गोड आहेत रे. तू बोलला नाहीस कधी."



काल मी बाहेर बर्फ लोटत होतो तेव्हा काकूंनी कॉफीला बोलावलं, जनेल म्हणाली. आज सकाळी पुन्हा. विचारलं, तू काय म्हणालीस?

"नको म्हटलं. दोन्ही वेळा. तूच तर शिकवलंस." आणि हसली.

मीच तर शिकवलं.

सगळं सांगितलं. बूट, नर्स, सगळं. तिने माझा हात हातात घेतला — इस्पितळात घेत असेल तसा. म्हणाली, एकटा राहिलास ना फार दिवस. डॉक्टरची वेळ घेते. वर जाऊन बघते म्हणाली, मी दारात आडवा झालो. पुन्हा विचारलं तर नाही म्हण, शपथ घे म्हटलं. घेतली. पण म्हाताऱ्याची समजूत काढायला घेतलेली शपथ ती. मला आवाज कळतात.

१६ नोव्हेंबर

जनेल माझी पिकअप गाडी घेऊन दुकानात गेलीय. फोन टेबलावरच विसरली.

विचार केला. पळून उपयोग नाही. नर्स टोलीडोपर्यंत गेली होती. तिसरं विचारणं कुठेही येईल, इस्पितळात, गाडीत, आणि माझी पोर म्हणेल, त्रास नसेल तर.

सोबत मिळाली की ती शांत असते. बरीच वर्षं.

तर सौदा सोपा आहे. तिने मला तिसऱ्यांदा आधी विचारायला हवं. जनेल यायच्या आत. एक म्हातारा वर, पोरगी मोकळी. आयुष्यात याहून वाईट सौदे केलेत मी.

जाळीखाली बसलोय. दाराची कडी काढलीय. ही वही टेबलावर ठेवून जाईन. जनेल, वाचशील तेव्हा लगेच निघ. माझ्यामागे वर येऊ नको. बेव्हच्या बांगड्या तळघरात, बॉयलरच्या मागे.

चपला. डावा पाय.

वास येतोय.

बाहेर पिकअप. माझ्याच हातचा सायलेन्सर, दुसरा कोणाचा नाही. कोपऱ्यावर आली. लवकर विचार बाई लवकर —

विचारलं. या ना आता, नाही म्हणू नका.

हो म्हटलं. मोठ्याने. येतो म्हटलं, आनंदाने येतो.

ती हसली. म्हणाली, "बरं झालं. घरातल्या मोठ्याने हो म्हटलं की सगळ्यांचं झालं. दोघांची कॉफी टाकते."

नाही. मी एकटा — फक्त माझ्यापुरतं, मी माझ्यापुरतं —

पाय आपोआप उठताहेत. पुढचं दार उघडलं. जनेल आत आली. कोणाशी तरी बोलतेय, हसून, त्रास नसेल तर म्हणतेय, आणि वाकून बूट काढ—

जनेल, बूट काढू न