रोसेंदोच्या नावाचा निरोप

वरचा मेंढवाडा, पाटागोनिया
४ जून १९८७

ती. ताईस,
रोसेंदोचा सा. न. वि. वि.

बेनिग्नोच्या ट्रकमधून माते चहाची पत्ती आली, सोबत तुझी बोलणीही. रेडिओ वादळाचा इशारा देतो नि मी डोंगर उतरत नाही, म्हणून तू चिडतेस. अगं, मे महिन्यात दोनदा इशारा झाला नि दोन्हीदा लख्ख ऊन पडलं! सेल संपत आलेत, म्हणून घरोघरचे निरोप वाचतात तेवढ्यापुरताच मी रेडिओ लावतो. माझं नाव घेऊन सांगतील ते माझं, बाकीचं जगाचं. ऐन हिवाळा, त्यात मेंढ्या गाभण आहेत. थकलोय गं, पण त्यांना टाकून कसा येऊ?

आईला नमस्कार. ओरडून झालं की थोडी मायाही पाठव.

तुझा रोसेंदो

गावातून, ९ जून

चि. रोसेंदोस,
अ. उ. आ.

गुरुवारी पांढरा वारा, बर्फाचं वादळ सुटणार म्हणतात. त्याआधी उतर. एकदा सुरू झाला तर मात्र दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. लाकडं आत घे, दारापासून मेंढवाड्यापर्यंत दोर बांध. सांगून सांगून जीभ झिजली माझी. तू ऐकायचा नाहीस, म्हणून शेवटी रेडिओवर तुझ्या नावानं निरोप दिलाय, उद्या वाचतील: आई अत्यवस्थ, लगेच निघ, लोकरीचे दोन दोन मोजे चढवून ये. आई ठणठणीत आहे, मटण कच्चं राहिलं म्हणून आत्ता माझ्याशी भांडतेय. खाली आलास की हवा तेवढा रागाव.

बेनिग्नो पोचला तर हे पत्र मिळेल.

तुझी ताई, एर्सिलिया

गावातून, २४ जून

चि. रोसेंदोस,
अ. उ. आ.

तू शुद्धीवर आलास, असं दवाखान्यातून कळलं. बेनिग्नो निघालाच नाही, घाट बंद होता. बुधवारी रेडिओ केंद्राची वीज गेली आणि निरोप वाचला गुरुवारी, बर्फ सुरू झाल्यावर. मी धावत जाऊन दुसरा निरोप दिला, की निघू नकोस, आई बरी आहे. पण तू रेडिओ बंद करून निघाला होतास. आईनं रेडिओवर स्वतः मरायला टेकल्याची बातमी ऐकली, नि खिडकीशी बसली ती तुला शोधायला गेलेली माणसं परतेपर्यंत. बर्फानं काळी पडलेली तुझ्या पायाची बोटं डॉक्टरनं नाही, मी कापली रे.

लोभ मागायला तोंड नाही.

एर्सिलिया

दवाखाना, २९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोटं गेली ती गेली, मी कुठं नाचायला जाणार होतो! मेंढ्यांचं विचारायचा धीर होत नाही, तूही सांगू नकोस.

निरोप खोटा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. आई मरायला टेकलेली असताना कुठली बहीण सांगते, की लोकरीचे दोन दोन मोजे चढवून ये? हसलो नि चुलीपाशी बसलो. पण बसवेना. खोटं समजून बसून राहिलो नि खरं निघालं, तर? समोर बर्फ दिसत असताना घोड्यावर खोगीर चढवलं.

पुढच्या वेळी वादळ येणार असेल तर वादळ येणार एवढंच सांग. मी उतरेन.

आईच्या पाया पडतो. राग नाही गं, लोभ होता तेवढाच आहे.

तुझा रोसेंदो