सुमनचा आवाज

नाशिक, रविवार, ५ मार्च १९३३

आज आमच्या सुमनचा पहिला बोलपट पाहिला. मूकपटांत लेकीनं नाव काढलं, पण चित्रं बोलू लागल्यापासून आवाज नसलेल्या नट्या घरी बसताहेत. हिचंही तसंच झालं तर? तांब्यापितळेची भांडी विकत मोठा झालेला मी, टिचकी मारून तडा ओळखतो. तसाच कान लावून बसलो. पहिलंच वाक्य खणखणीत! आवाज कुठेही फाटला नाही. मागून शेजारचे तात्या ओरडले, "अण्णा, पोरीनं थेटर हलवलं हो!" पोरगी सिनेमात धाडली म्हणून चार वर्षं माझ्या घरचं पाणी न प्यायलेला हाच माणूस! घरी येताच बायकोनं विचारलं, "कशी दिसते हो आता?" काय सांगू? सगळा खेळ मी डोळे मिटून ऐकला.