रंगाखालचा अंगठा

१२ ऑक्टो., अमरावती
अकोल्याहून सकाळच्या एसटीने आले. बाबा काल फुलं घेऊन बाजारात जाताना सायकलवरून पडले, शेजारच्या काकूंचा फोन होता. कोपर सोललंय, मनगट सुजलंय. हाड शाबूत. "मले काही झालं नाई. सायकल पाह्य आधी." पॅडलजवळून मागच्या चाकाकडे जाणारी नळी तुटलीय. तरी झेंडूचं पोतं ऑटोत घालून बाजारात पोचवलंच म्हणे! आई असती तर ओरडली असती. मी ओरडून पाहिलं. तिच्यासारखं जमत नाही.

१३ ऑक्टो.
सायकल सलीमभाईंच्या दुकानात. त्यांनी रंग खरवडला. दर दसऱ्याला बाबा ती धुतात, रंगवतात, हार घालतात. वरचा हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली पुट्टी! दगडासारखी कडक. भेग लिंपून टाकलेली.

"ओल्या पोत्याचं पानी, धुण्याचं पानी, सारं नळीत जाऊन बसते ताई. वरून चकाचक, अंदरून सडली."

म्हणजे बाबांना माहीत होतं. तरी रोज चालवत होते. असा संताप आला! पुट्टीवर अंगठ्याचा ठसाही तसाच. धड गुळगुळीतसुद्धा केली नाही.

सलीमभाई म्हणाले, नवी नळी बसवतो, हलक्या ओझ्याला चालेल. म्हटलं, थांबा. सध्या काहीच करू नका.

१५ ऑक्टो.
बाबांना सांगितलं, आता ती दुरुस्त होत नाही. खोटं. पण सायकल आहे तोवर ते अकोल्याला यायचे नाहीत, आणि पुढच्या वेळी मागून ट्रक असला तर... नको.
बाबा म्हणाले, "मंग चाल." एवढंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.
वावरातला झेंडू काकूंच्या हवाली करून निघालो. ऐन दसऱ्याचा माल.

२१ ऑक्टो., अकोला
बाबा दिवसभर गॅलरीत उभे. जेवण नावाला. ह्यांनी विचारलं, बागेत फिरायला येता का? "तिथं काय करू जवाई? तोडाचं तं काही नाई." हे हसले. मला हसू आलं नाही. सारखं सलीमभाईंचं दुकान डोळ्यांपुढे येतंय.

२४ ऑक्टो. दसरा
खाली सगळ्यांच्या गाड्यांना हार. बाबा एक झेंडू बोटांत चोळत बसले होते. एकदम म्हणाले,
"सलीमले पुट्टी दिसली असन."
"दिसली. काहून लपवलं बाबा?"
"भेग तुह्या मायले दिसली पयले. तिनंच पुट्टी मळून लावली. म्हने, पोरीले समजलं तं अकोल्याले नेईन आपल्याले. तवापासून मी दोन पोत्याचं एक केलं."
मला वाटायचं, वय झालं म्हणून एक पोतं.
बाबांनी पाकळ्या गुडघ्यावरून झटकल्या. मग,
"फेकली काय त्यानं ते? तिचा अंगठा होता तिच्यावर. म्हनून मी तेवढ्या जागी कदी घासलं नाई. वरूनच रंग देत जाओ."
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाहेर आले आणि सांगून टाकलं, सायकल दुरुस्त होते बाबा, मीच थांबवलं. वाटलं, आता रागावतील.
"तू बी मायवरच गेली," म्हणाले.

२५ ऑक्टो.
सलीमभाईंना फोन केला. नळी बसवा म्हटलं. बसवतो आजच, म्हणाले. मग पुट्टीचं विचारलं. म्हणाले, "ताई, दसऱ्याचं दुकान साफ केलं ना. कचरा घंटागाडीत गेला असन. पाहतो तरी."
बाबा पिशवी भरून दाराशी बसलेत. मी अजून डबा भरतेय.
त्यांना फक्त नळीचं सांगितलंय.