एकशे तेरावं तोंड

आदरणीय विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात कोपरापर्यंत निळा आहे, घासूनही निघत नाही, तेव्हा तसाच गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत. परवा शिडीवरून पडलो, पण खाली चुन्याचं पिंप होतं, त्यामुळे लागलं काहीच नाही. फक्त दिवसभर गावातली कुत्री ओळख दाखवेनात.

या वयात शिडीवर काय करत होतो, असं आपण विचाराल. त्याचं असं झालं, की इथल्या धान्याच्या गोदामाच्या लांबलचक भिंतीला नवा गिलावा झाला आणि कोरी भिंत बघवत नाही, असं गावसभेत ठरलं. गोदामामागच्याच खोलीत एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर आयता राहतो, हेही कोणाला तरी आठवलं. अख्खं गाव भिंतीवर यावं, दर घरामागे एक तोंड, असा बेत. मी लगेच हो म्हटलं. (दोन वर्षं इथे राहतोय, पण रोज बोलणारा माणूस म्हणजे पोस्टमन, आणि तोही ‘आज काही नाही’ एवढंच बोलतो.)

खडूने आखणी केली त्या दिवसापासून माझ्याकडे रीघ लागली. न्हाव्याच्या डोक्यावर औषधाला केस नाही, पण भिंतीवर त्याला कुरळे हवेत. धंद्याचा प्रश्न आहे म्हणतो. दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून त्यांना दोन टोकांना काढलं, तर थोरल्याची तक्रार, की धाकट्याच्या वाट्याला झाडाची सावली जास्त आली. डेअरीच्या सेक्रेटरीबाईंनी स्वतःऐवजी म्हैस काढून घेतली. ती इतकी साधली, की येणारा-जाणारा तिचंच कौतुक करतो. मी दिवसभर शिडीवर आणि खाली कोणी ना कोणी भांडायला हजर. खरं सांगू? इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं. काम संपू नये म्हणून झाडाची पानं मी एकेक करून रंगवली.

परवा पोस्टमनने यादी काढून तोंडं मोजली. घरं एकशे बारा, तोंडं एकशे तेरा. (म्हैस धरून.) चित्रातल्या विहिरीपाशी कपाळाला आठी घालून, हातात चष्म्याचं घर घेऊन उभी असलेली मुलगी कोणाचीच निघेना.

“मास्तर, ही कोण?”

मी म्हटलं, चुकून झाली.

“मग पुसा की. तिथे माझा मेव्हणा मावेल,” न्हावी म्हणाला.

मी फडकं ओलं केलं, शिडी चढलो, त्या आठीपाशी हात नेला, आणि हात पुढे सरकेना. खाली सगळे माना वर करून उभे. तेव्हा तोंडातून निघून गेलं, “माझी मुलगी आहे. उद्घाटनाला यायचीय.” (आणि पाय सटकला. पिंपाची हकिगत वर आलीच आहे.)

मला पिंपातून काढल्यावर पोस्टमन यादी चाळत म्हणाला, “मास्तर, तुमची खोली आपण धरलीच नव्हती की हो! म्हणजे बरोबर आहे.” सगळ्यांचं समाधान झालं. माझ्याकडे एकच खुर्ची आहे हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून तीन खुर्च्या आल्या. आता त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आळीपाळीने चारही खुर्च्यांवर बसतो.

आपल्याला ठाऊकच आहे. लेकीची आई गेल्यावर तिने मला आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि मी एका सकाळी चहाच्या कपावरून ‘मी इथे पाहुणाच’ म्हणत बॅग उचलली. विसरलेला चष्मा घेऊन ती स्टँडपर्यंत धावत आली. चष्मा हातात दिला. तो खिशात घालून मी गाडीत चढलो, आणि गाडी सुटली.

असो. पत्र निव्वळ खुशालीचं आहे. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला व्याही

ता. क. : पत्र निव्वळ खुशालीचं नाही. उद्घाटन पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. गाडी साडेदहाला फाट्यावर येते.

आणखी ता. क. : तिला ‘बाबांनी बोलावलंय’ असं सांगू नका, ती यायची नाही. ‘बाबा म्हणतात, चूक माझी होती’ असं सांगा. हेच वाक्य तिला लिहायला मी चार वेळा बसलो. तुम्हाला लिहिलं, तेव्हा कुठे कागदावर उतरलं.